रात्रभर तेवणारी वात घरी कशी वळायची

वात जळते असं आपण म्हणतो, पण जळतं ते तेल. वातीने तेल वर ओढायचं आणि ज्योतीपर्यंत पोचवायचं. तेल वेळेवर पोचत राहिलं की कापूस फक्त टोकाला काळा पडतो. तेल अडलं की ज्योत कापूसच खायला लागते आणि तासाभरात वातीची राख होते. त्यामुळे वात जास्त वेळ टिकावी म्हणून ती जाड करायची, घट्ट वळायची, हा सगळ्यांचा पहिला विचार असतो आणि तो चुकीचा असतो. मीही बरीच वर्षं तसंच करत होते.

मला वात वळायला आजीने नाही, आजोबांनी शिकवलं. आजोबा परळच्या एका गिरणीत स्पिनिंग खात्यात होते. १९८२च्या संपानंतर ते घरीच असायचे. लालबागच्या आमच्या चाळीत बायका श्रावणाआधी वाती वळायला बसायच्या, तेव्हा ते बाजूला बसून बघायचे आणि शेवटी न राहवून म्हणायचे, "अगं, पीळ जास्त झाला. दोरी वळतेयस की वात?" सुताला पीळ किती द्यायचा हे ज्याने जन्मभर बघितलं, त्याच्या हाताला वातीचा पीळही बरोबर कळत होता. खाली सांगितलेली दुपदरी वात त्यांचीच.

कापूस कुठला घ्यायचा

सगळ्यात चांगला देवकापूस. कोकणातल्या परसात आणि मुंबईतल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांच्या कुंपणाशी याचं झाड असतं. वर्षानुवर्षं टिकणारं झाड आहे, बोंडं फुटली की तोडून घ्यायची. आमच्याकडे खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लावलेलं आहे, त्यातून आख्ख्या विंगेचा वर्षाचा कापूस निघतो. झाड नसेल तर भुलेश्वरला, दादरला स्टेशनबाहेर किंवा गिरगावात पूजेच्या सामानाच्या दुकानात सरकीसकट कापूस मागा. सरकी असलेला कापूस शक्यतो यंत्रातून फारसा गेलेला नसतो, म्हणून त्याचे तंतू तुटलेले नसतात.

तंतूची लांबी इथे फार महत्त्वाची आहे. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळू ओढा. तो लांबत लांबत, रेशमासारखा ताणत सुटला तर तंतू लांब आहेत. फटकन तुटून भुगा पडला तर आखूड आहेत, आणि त्याची लांब वात मधेच विरणार. कापसाचा भाव ठरवताना व्यापारीही तंतूची लांबी बघतात. माटुंग्याला कापसावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था १९२४पासून आहे, तिथेही कापसाच्या मोजमापात तंतूची लांबी येतेच.

औषधाच्या दुकानातला कापसाचा गुंडा फुलवातीला चालतो. लांब वातीला मात्र तो घेऊ नका, त्यात आखूड तंतूच जास्त असतात. गादीवाल्याकडचा कापूस तर नकोच. तो बहुतेक वेळा जुना, पुन्हा पिंजलेला असतो आणि त्यात कसले कसले धागे मिसळलेले असतात.

शंका आली तर एक छोटा झुपका चिमट्यात धरून पेटवा. खरा कापूस कागद जळल्यासारखा वास देतो आणि मागे मऊ, राखाडी राख उरते, बोटाने चोळली की उडून जाते. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर झुपका आक्रसतो आणि टोकाला काळा कडक मणी तयार होतो. मी एकदा बाजारातून तयार वातींचं पाकीट आणलं होतं, पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या. समईत लावल्यावर दहा मिनिटांत प्रत्येक वातीच्या टोकाला असा मणी धरला आणि ज्योत शेंगदाण्याएवढी होऊन बसली. त्या मण्यातून तेल वर जाणार तरी कसं?

आधी कोरडा, मग बाकी सगळं

मुंबईत वात बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हवा. कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आपल्याकडे त्याला ओलावा भरपूर मिळतो. दमट वात लावली की तडतडते, ठिणगी उडते, ज्योत नाचते आणि मधेच मालवते. तेलात पाणी पडलं असेल असं वाटून आपण तेल बदलतो, दोष मात्र वातीत असतो. एका नवरात्रात तिसऱ्या रात्री पहाटे आमचा अखंड दिवा असाच गेला. वाती मी स्वतः वळलेल्या होत्या, पण स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ उघड्या डब्यात ठेवलेल्या. त्या रात्री पाऊस होता. सकाळी देव्हाऱ्यासमोर विझलेली वात बघून जे वाटलं ते अजून आठवतं. तेव्हापासून वाळवण्यात मी कसूर करत नाही.

वाती वळायचा आपला खरा मोसम माघ-फाल्गुन. हवा कोरडी असते, ऊनही असतं. तेव्हा वर्षभराच्या वळून ठेवाव्यात. दिव्याची अवस आषाढात येते, त्या दिवशी दिवे घासूनपुसून मांडायचे असतात, पण वाती वळायला तो सगळ्यात वाईट काळ.

सरकी काढून, कचरा वेचून कापूस बोटांनी पिंजा. कुठेही गाठ राहू देऊ नका. मग ताटात पसरून, वर पातळ फडकं टाकून दोन तास उन्हात ठेवा. ऊन नसेल तर रात्रीच्या पोळ्या झाल्यावर गॅस बंद करा, तवा हाताला सोसेल इतका कोमट होऊ द्या, त्यावर स्टीलचं ताट ठेवून त्यात कापूस पसरा. गॅस चालू असताना कापूस शेगडीजवळ नेऊ नका, पिंजलेला कापूस एका ठिणगीत भडकतो.

दुपदरी वात

समईसाठी वात साधारण एक वीत लांब लागते. आधी एकेरी पदर वळून मग तो मधोमध दुमडायचा आहे, म्हणजे पदर दोन वीत हवा. अखंड दिव्याला याच्या दुप्पट.

कापूस मुठीत हलका धरून त्यातून लांबट पट्टा ओढत जा, करंगळीएवढा रुंद आणि आरपार दिसेल इतका विरळ. एका ओढीत दोन वीत निघणार नाही, तर दुसरा पट्टा पहिल्याच्या टोकावर दोन बोटं चढवून ठेवा. पीळ बसला की सांधा आपोआप धरतो. सांध्यावर कापूस दुप्पट जाड राहिला असेल तर तिथला थोडा काढून टाका, कारण जाड जागी तेल अडतं आणि ज्योत तिथे पोचली की धुरकटते.

आता पट्टा पोळपाटावर ठेवा. लाकडी, जरा खरखरीत पोळपाट हवा. संगमरवरी असेल तर त्यावर सुती फडकं घाला, नाहीतर कापूस नुसता घसरतो. डाव्या हाताने एक टोक दाबून धरा आणि उजव्या हाताच्या तळव्याने पट्टा पुढे लोटत जा. पुढेच, मागे नाही. मागे आणलात की दिलेला पीळ सुटतो. नवी माणसं हमखास इथे चुकतात, पोळी लाटल्यासारखं पुढेमागे करतात आणि वात पिळलीच जात नाही म्हणतात. एकदा पुढे लोटलं की हात उचला, मागे आणा, पुन्हा पुढे लोटा.

बोटांना दूध लावून वाती वळायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. चिकटून पीळ छान बसतो हे खरं, पण दुधाचा अंश वातीत राहतो आणि टोकाला करपून काजळी लवकर धरते. थोडा वेळ लावायच्या वातीला चालेल. रात्रभर तेवायची असेल तर हात कोरडे ठेवा, फार घाम येत असेल तर चिमूटभर स्वच्छ, चाळलेली राख बोटांच्या टोकांना लावा.

पीळ किती द्यायचा, ते आजोबांच्या परीक्षेने कळतं. पदराची दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि हात जवळ आणून पदर मधे सैल सोडा. तो स्वतःभोवती एक-दोन वेढे घेऊन शांत लोंबकळला तर पीळ बरोबर आहे. नुसताच लोंबला, वेढा घेतलाच नाही, तर अजून थोडा द्या. आणि सैल सोडल्यासोडल्या जागोजागी छोट्या गाठी-गुंडाळ्या पडायला लागल्या तर जास्त झाला, थोडा उलटा फिरवून सोडवा.

मग पदराचा मध्य दुसऱ्या कोणाला बोटावर धरायला द्या किंवा पोळपाटाच्या कडेला एखाद्या खिळ्यात अडकवा. दोन्ही टोकं एकत्र आणा आणि मध्य सोडून द्या. इथे तुम्हाला काहीच करावं लागत नाही. दोन पदर एकमेकांभोवती उलट दिशेने आपोआप गुंफत जातात, बघता बघता बारीक गोफ तयार होतो. तळव्यात धरून एकदा हलकेच सरळ करा. उघडी टोकं चिमटीत मळून बंद करा. दुमडीची बाजू ज्योतीकडे ठेवायची, तिथे तंतू सुटे नसतात म्हणून टोक पसरत नाही.

एकेरी वातीत पीळ सुटायला बघतो, तेलात पडली की ती फुगते, ढिली होते. दुपदरीत दोन पीळ एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे घट्ट न वळताही वात उभी राहते. शिवाय दोन पदरांच्या मधून जी बारीक खाच लांबभर जाते, त्यातून तेल सुरळीत चढतं. तयार वात अगरबत्तीएवढी जाड हवी, त्याहून जाड नको. जाड वातीची ज्योत मोठी, मोठी ज्योत तेल भराभर पिते आणि छताला काळं करते.

तेल

तिळाचं तेल सगळ्यात भरवशाचं. ज्योत स्थिर राहते, धूर कमी होतो. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेलही चांगलं चालतं. घाण्याचं तेल आणलं तर ते दोन दिवस स्थिर ठेवून वरचं नितळ तेल घ्या, खालचा गाळ वातीच्या वाटा बुजवतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. मुंबईत जानेवारीच्या पहाटे पारा त्याच्या बराच खाली जातो, म्हणून थंडीत खोबरेलाचा रात्रभराचा दिवा लावू नका. एरंडेल फार दाट, एकट्याने वर चढत नाही. तिळाच्या तेलात चौथा हिस्सा घातलं तर तेल जरा सावकाश जळतं, एवढाच त्याचा उपयोग.

तळणीचं उरलेलं तेल नको. तूप आणि तेल एकत्र नको, धार्मिक कारण बाजूला ठेवलं तरी थंडीत तूप वातीत थिजतं आणि तेलाची वाट बंद होते. 'पूजेचं तेल' म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर मी ती घेत नाही. आणि रॉकेल किंवा थिनर उघड्या दिव्यात कधीही, थेंबभरही घालू नका. खाण्याचं तेल पेट घ्यायला दोनशे अंशांच्याही वर तापावं लागतं, म्हणून निरांजनातलं तेल नुसतं काडी लावून पेटत नाही. रॉकेलचं तसं नाही, त्याच्या वाफा थोड्याशा उष्णतेनेही पेटतात.

भिजवणं

घाईत सगळे ही पायरी गाळतात. वात लावण्याआधी निदान अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवा, अखंड दिव्याची असेल तर आदल्या रात्रीच. वाटीत तेल घेऊन त्यात वात सोडली की बारीक बुडबुडे वर यायला लागतात. ती कापसात अडकलेली हवा. बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, मग वात बोटांनी एकदा हलकी दाबा, पुन्हा बुडबुडे येतील, पुन्हा थांबा. वात तळाशी जाऊन पारदर्शक, पिवळसर दिसायला लागली की ती तयार. पांढरा ठिपका कुठे दिसला तर तिथे अजून हवा आहे, ज्योत तिथे अडखळणार.

लावणं आणि सांभाळणं

वातीचं टोक तांदळाच्या दाण्याएवढंच बाहेर काढा. बाकी सगळी वात तेलात वेटोळं करून बसवा. तेलाची पातळी आणि ज्योत यांत बोटाच्या पेराहून जास्त अंतर पडू देऊ नका. तेल दाट असतं, वातीतून फार उंच चढत नाही. म्हणूनच उभ्या काचेच्या ग्लासातला दिवा सुरुवातीला छान तेवतो आणि तेल निम्म्यावर आलं की मरगळतो. रात्रभरासाठी पसरट, उथळ भांडं घ्या.

तेल किती लागेल याचा अंदाज असा: अगरबत्तीएवढ्या वातीची लहान ज्योत तासाला साधारण एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली तेल घेते. रात्री दहाला लावून सकाळी सहापर्यंत ठेवायचा तर ४० मिली, आणि वर १० मिली हाताशी. तुमच्या दिव्याचा हिशोब मात्र तुम्हीच करा. सुट्टीच्या दुपारी तीन चमचे तेल घालून लावा आणि किती वेळ चालतो ते लिहून ठेवा. भांडं, तेल, वारा, वातीची जाडी, सगळ्यानेच फरक पडतो.

काही तासांनी टोकाला काळं बोंड धरतं. त्याला हात न लावता वात नुसती पुढे सारली तर ज्योत मोठी होते आणि धूर सुटतो. आधी बोंड चिमट्याने काढा, मग वात गव्हाच्या दाण्याएवढी पुढे घ्या. अखंड दिवा असेल तर काजळी काढण्याआधी त्याच ज्योतीवर शेजारी एक छोटं निरांजन लावून ठेवा. हात चुकून वात मालवली तरी ज्योत त्या निरांजनात असते, तिथून परत घ्यायची. काढलेलं बोंड तेलात पडू देऊ नका, छोट्या वाटीत टाका. तेलात पडलेले असे तुकडे स्वतःच वात होऊन पेटतात आणि मग एका ज्योतीच्या जागी सगळी वाटी पेटलेली दिसते. तसं झालंच तर पाणी टाकू नका, वर स्टीलचं ताट झाका.

आपल्या घरांत जागा कमी. देव्हारा लाकडी, शेजारी पडदा, वर पंखा. दिवा परातीत ठेवा, परातीत थोडी वाळू किंवा कोरडे तांदूळ घाला, पडदा बांधून ठेवा. समुद्राकडच्या खिडकीतून येणारा वारा ज्योत एका बाजूला झुकवतो आणि त्या बाजूने वात जास्त जळते, म्हणून काच लावा. काचेला खालून हवा जायला जागा हवी, नाहीतर ज्योत गुदमरते. घरात कोणी जागं नसताना किंवा कुलूप लावून बाहेर जाताना दिवा तेवत ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे नवरात्रात रात्री पाळ्या लागतात.

कापडाची वात

गॅलरीतला किंवा तुळशीजवळचा दिवा वाऱ्यात टिकवायचा असेल तर कापसापेक्षा कापड बरं. आजोबांचं जुनं धोतर किंवा शुद्ध सुती मलमल, वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेली, यासाठी उत्तम. दोन बोटं रुंद पट्टी फाडा, कात्रीने कापू नका, फाडली की ती धाग्याच्या रेषेत सरळ येते. साध्या गरम पाण्यात धुवा. स्टार्च राहिला तर तेल चढत नाही आणि कपडे मऊ करायच्या द्रवाचा थर राहिला तरी तेच. वाळवा, लांबीत दुमडा, सैल पीळ द्या, काकड्यासारखा. रंगीत कापड आणि टी-शर्टचं होजिअरी वापरू नका, टी-शर्टात बहुतेक वेळा कृत्रिम धागा असतोच.

ठेवायच्या कशा

वाती कोरड्याच ठेवायच्या. तेलात भिजवून बाटलीत भरून ठेवल्या तर काही आठवड्यांत तेल चिकट होतं, त्याला वास येतो आणि अशी वात नीट पेटत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, तळाशी मूठभर तांदूळ कोरडे भाजून, गार करून, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. वर दहा-दहा वातींच्या जुड्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तांदूळ पुन्हा भाजून घ्या. डबा ओट्याजवळ नको, कपाटात वरच्या फळीवर ठेवा.

दिवा शांत करताना फुंकर घालू नका. आमच्याकडे ती पद्धत नाही हे आहेच, शिवाय फुंकरीने टोकाची काजळी तेलात उडते आणि वात धुमसत राहते. पितळेच्या काडीने वातीचं टोक मागे तेलात ओढा, ज्योत एका क्षणात शांत होते आणि टोक भिजलेलं राहतं. दुसऱ्या दिवशी तेच टोक पुन्हा बाहेर काढून लावायचं. चांगली वळलेली एक वीत वात आमच्या देव्हाऱ्यात संध्याकाळच्या दिव्याला बरेच दिवस पुरते, आणि उरलेला बोटभर तुकडा मी पुढच्या वातीला ज्योत द्यायला ठेवते.